जुना निळा ड्रम: तलावावरच्या तरंगत्या वस्तीचा पाया म्हणून कितपत चालतो

वस्तू: २०० लिटरचा, बंद तोंडाचा, वापरलेला एचडीपीई (जाड, चिवट प्लास्टिकचा) ड्रम. काम: पडीक तलावावर, विजेच्या खांबाशिवाय, गावकऱ्यांनी स्वतः बांधायच्या तरंगत्या खोपड्यांचा, म्हणजे लहान झोपड्यांचा, पाया. आमचे मत: पाचपैकी चार. कापलेला एक गुण ड्रमाच्या बुचाचा आहे. बाकी जे बिघडते ते ड्रमाच्या भोवती बिघडते, म्हणून या परीक्षणात ड्रमाइतकेच पट्टे, सांगाडा आणि दोर यांच्याबद्दलही लिहिले आहे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात मामा तलाव (माजी मालगुजारांचे, म्हणजे जमीनदारांचे) आणि बोड्या (लहान तळी) हजारोंनी आहेत. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि अनेकांची देखभाल तिथेच थांबली. तालुक्याच्या गावांत तर घरे वाढत वाढत तलावाला चारी बाजूंनी भिडली; मधले पाणी बेशरमच्या झुडपांनी आणि जलपर्णीने भरले, कोणाच्याच कामाचे राहिले नाही. अशा पाण्यावर मासेमारी संस्थेची राखणखोली, जाळी विणायची पडवी, पाचसहा कुटुंबांच्या खोपड्या असे काही उभे करायचे तर पहिला प्रश्न पायाचा येतो. बाजारात पर्याय तीनच: जुना ड्रम, प्लास्टिकचा जोडठोकळा आणि थर्माकोल.

थर्माकोल आधीच बाजूला काढू. उघडा ठेवला तर उंदीर आणि खेकडे तो कुरतडतात, दाणे पाण्यावर पसरतात आणि माशांच्या पोटात जातात. मासळी ज्या तलावावर पिकते तिथे तो आणूच नये. लोखंडी ड्रमही नको. वजनाला दुप्पट, आणि पाण्याच्या रेषेवर, जिथे ओले-कोरडे सतत होते, तिथेच गंजून भोक पडते.

जोडठोकळा म्हणजे ५० सेंमी लांब, ५० रुंद, ४० उंच असा पोकळ चौकोन. चार कोपऱ्यांच्या कानांत खिळी फिरवली की शेजारचा ठोकळा जोडला जातो. कागदावर उचल चौरस मीटरला ३५० किलोच्या आसपास, आणि हिशोब बरोबर आहे: चौरस मीटरमध्ये चार ठोकळे बसतात, म्हणजे ४०० लिटर पाणी सारले जाते आणि त्यातून त्यांचे स्वतःचे वजन वजा होते. वेल्डिंग लागत नाही, चार माणसे दिवसभरात चांगला मोठा फलाट जोडतात. पण ड्रमाच्या निम्मी उचल देणाऱ्या एका ठोकळ्याला जुन्या ड्रमापेक्षा जास्त पैसे मोजावे लागतात. त्याहून मोठी अडचण अशी की ठोकळ्यांचा फलाट लाटेबरोबर वाकतो. चालायला ते चांगले, पण त्यावर भिंत उभी केली की भिंतीचे सांधे हलतात आणि एका पावसाळ्यात तट्ट्या सुटू लागतात. म्हणून ठोकळे पायवाट, घाट आणि मासळीच्या पिंजऱ्यांभोवतीच्या फळ्यांसाठी वापरावेत. खोपडीखाली ड्रमच हवा.

ड्रम निवडताना

भंगारवाल्याकडे दोन जातींचे ड्रम दिसतात. एकाचे पूर्ण तोंड उघडते आणि झाकण लोखंडी कड्याने आवळतात. तो धान्य भरायला घ्या, पाण्याखाली नको, कारण कड्याखालचे रबर कधी ना कधी दगा देते. दुसऱ्याचे तोंड बंद आणि माथ्यावर दोन बुचे. हाच हवा.

आत आधी काय होते ते विचारा आणि चिठ्ठी वाचा. खाद्यतेल, ग्लुकोजचा पाक, साबणाचा कच्चा माल चालतो. कीटकनाशक किंवा आम्ल होते अशी शंका जरी आली तरी ड्रम परत करा. धुऊन तो स्वच्छ होत नाही आणि धुतलेले पाणी शेवटी तलावातच उतरते. चांगला ड्रमसुद्धा तलावाकाठी धुऊ नये. ड्रम उन्हात फिकट पडला असेल, नखाने खरवडल्यावर पांढरी पूड निघत असेल, तर त्याचे प्लास्टिक उन्हाने खाल्ले आहे असे समजा. अंगठ्याने जोरात दाबा. चांगला ड्रम दबतो आणि परत येतो. ठिसूळ झालेल्याला कडेच्या वळणाजवळ केसासारख्या चिरा असतात, त्या ओल्या फडक्याने पुसल्या की उठून दिसतात.

गळती तपासायला यंत्र लागत नाही. भर दुपारी ड्रम उन्हात ठेवा, तो तापला की दोन्ही बुचे आवळा आणि रात्रभर तसाच राहू द्या. आतली हवा थंड होऊन आकसते, त्यामुळे सकाळी ड्रमाच्या कुशी आत ओढलेल्या दिसल्या पाहिजेत. कुशी फुगीर तशाच असतील तर हवा कुठून तरी आत शिरली आहे. बहुतेक वेळा बुचातूनच.

या बुचापायी आम्ही एक गुण कापला. पाण्यावरचा ड्रम उन्हाळ्यात दिवसभर तापतो आणि संध्याकाळी वळिवाचा पाऊस आला की काही मिनिटांत गार होतो. आत पोकळी तयार होते आणि बुचाच्या आट्यांतून पाणी थेंबथेंब शोषले जाते. एका वेळी चमचाभर, पण दोन पावसाळ्यांनंतर ड्रमात बादलीभर पाणी निघते आणि तो कोपरा खाली जातो. उपाय तीन, आणि तिन्ही एकत्र करायचे. जुने वायसर फेकून नवे रबरी वायसर घाला आणि आट्यांवर टेफ्लॉन टेपचे पाचसहा वेढे द्या. ड्रम आडवा बसवताना दोन्ही बुचे वरच्या अंगाला, पाण्याच्या रेषेच्या वर येतील असा फिरवा. त्यासाठी बुचांच्या बाजूला खडूने खूण करून ठेवली तर सांगाड्याखाली शोधत बसावे लागत नाही. तिसरा उपाय मोसमाचा: बुचे शेवटची आवळायची ती जानेवारीच्या पहाटे. त्या वेळी हवा वर्षातली सर्वात थंड असते. त्या थंडीत कोंडलेली हवा पुढे वर्षभर थोडी फुगलेलीच राहते, म्हणजे आतला जोर बाहेरच्या दिशेने असतो आणि पाण्याला आत ओढायला पोकळीच उरत नाही. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४६ च्या वर गेला तरी एचडीपीई तेवढा फुगवटा सोसतो.

सिलिकॉन लावून बूच बंद करायचा मोह टाळा. सिलिकॉन या प्लास्टिकला धरत नाही, महिन्याभरात पापुद्र्यासारखे निघते. ड्रमात रिकाम्या बाटल्या भरून ठेवाव्यात, म्हणजे फुटला तरी तरंगेल, असा सल्लाही सर्रास दिला जातो. बंद तोंडाच्या ड्रमाचे मोठे बूच दोन इंची असते, त्यातून लिटरची बाटली जात नाही. त्यापेक्षा चार ड्रम जास्त लावा.

किती ड्रम लागतात

१२ फूट बाय १६ फूट फलाट धरू. त्यावर ८ बाय ४ फुटांचे १८ मिमीचे मरीन प्लाय नेमके ६ लागतात, एकही तुकडा वाया जात नाही. वजन २२० किलोच्या आसपास. खाली ५० मिमी चौकोनी पाइपाचा ३ मिमी जाडीचा सांगाडा, सुमारे ७० मीटर, म्हणजे ३०० किलो. पत्रे १००, बांबूचे खांब आणि तट्ट्या १५०, सोलर आणि बॅटरी ४०, पिण्याचे पाणी २००, सिलिंडर-भांडी-अंथरूण १२०, आणि पाच माणसांचे ३२५. बेरीज साडेचौदाशे किलोच्या जवळ.

ड्रमाची लांबी साधारण ९३ सेंमी, व्यास ५८ सेंमी, स्वतःचे वजन ९ किलोच्या आसपास. बाहेरून मोजला तर तो पूर्ण बुडताना २२० लिटर पाणी सारतो. अर्धा बुडाल्यावर १०० किलोचा भार उचलतो, असा सोपा हिशोब ठेवा. साडेचौदाशेला १५ ड्रम पुरतात असे यातून वाटेल, आणि नेमकी हीच चूक होते. १५ ड्रमांवर फलाट स्थिर पाण्यात तरंगतो, पण लग्नाची दहा माणसे एका कडेला फोटो काढायला उभी राहिली की ती कड पाण्याखाली जाते.

आम्ही २५ सांगतो. लांबीच्या दिशेने पाच-पाच ड्रमांच्या पाच ओळी: दोन डाव्या कडेला, दोन उजव्या कडेला, एक मधोमध. ड्रम कडेला हवेत, कारण फलाट कलंडू न देण्याचे काम कडेचा ड्रम करतो; मधला नुसता वजन उचलतो. या मांडणीत रोजच्या भाराखाली प्रत्येक ड्रम २० सेंमीच्या आसपास बुडतो आणि वरचे दहा पाहुणे एका कडेला आले तरी ती कड आणखी १५ सेंमीच खाली जाते. पाण्याची टाकी आणि बॅटरी मधल्या ओळीवर ठेवा. टाकी छपरावर चढवू नका. २०० लिटर पाणी आठ फुटांवर नेले की हा सगळा हिशोब बिघडतो.

कवेलूंचे छप्पर डोळ्यांना आणि उन्हाळ्याला कितीही बरे असले तरी त्याचे वजन पत्र्याच्या कितीतरी पट असते. पत्र्याखाली बांबूची तट्टी आणि मध्ये चार बोटे हवा सोडली तर दुपार सहन होते.

सांगाडा आणि पट्टे

ड्रमाच्या प्रत्येक ओळीवर दोन पाइप, एकमेकांपासून फूटभर अंतरावर, लांबीच्या दिशेने जातात. ड्रम खालून या दोन पाइपांच्या खाचेत बसतो. पाणी ड्रमाला वर ढकलते, त्यामुळे भाराचे काम पाइपच करतात. पट्ट्याचे काम एवढेच की लाटेत ड्रम घसरून बाहेर जाऊ नये. तरीही सगळ्यात जास्त बिघाड पट्ट्यातच होतात. बांधकामाची तार कधीच वापरू नका. ती ड्रमाच्या अंगात करवतीसारखी शिरते आणि दुसऱ्या वर्षी चीर पडते. प्लास्टिकची सुंभ उन्हाने चुरते. ट्रकवर माल आवळायचा विणलेला पट्टा, ड्रमाला दोन, आणि पट्टा जिथे पाइपाच्या कोपऱ्याला घासतो तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा. लोखंडी पट्टी वापरायची असेल तर २५ मिमी रुंद, ३ मिमी जाड, आणि तिच्याखालीही ट्यूब.

पाइपाची तोंडे वेल्डिंगने बंद करून घ्या. उघडी राहिली तर आत पाणी साठते आणि पाइप आतून गंजतो. रेडऑक्साइडचा एक हात पुरत नाही, त्यावर इपॉक्सीचे दोन हात द्या.

भिंती-छपराच्या बांबूसाठी मानवेल भरीव आणि चिवट, खांबाला तोच. कटंग जाड पण पोकळ, तो वाशांना. चिरून विणलेल्या तट्ट्या बुरडाकडून घ्याव्या, फलाटाच्या मापाने सांगितल्या तर कापाकापी वाचते. खांबांचे बांबू बोरिक आम्ल आणि बोरॅक्सच्या पाण्यात बुडवून काढा: १०० लिटर पाण्याला अडीच किलो बोरिक, साडेतीन किलो बोरॅक्स, आतली पेरे सळईने फोडून आठ-दहा दिवस. हे औषध पाण्यात विरघळणारे आहे, म्हणून बांबू फलाटाच्या वरच राहिला पाहिजे. पाण्याला टेकलेल्या बांबूतून ते निघून जाते आणि भुंगा परत येतो.

जमिनीला टेकणारा पाया

आता मुख्य गोष्ट. तरंगत्या वस्तीचे जे नकाशे जगभर फिरतात ते बहुतेक अशा पाण्यासाठी काढलेले असतात जे बाराही महिने जागेवर असते. ॲमस्टरडॅममधील स्खोनस्खिप ही त्यातली सर्वात अभ्यासलेली वस्ती: रहिवाशांनी स्वतः आखलेली, जुन्या औद्योगिक भागातल्या कालव्यावर, ३० तराफ्यांवर ४६ घरे, छपरांवर सौरपट्ट्या, घराघरांत बॅटऱ्या आणि शहराच्या विजेशी सगळ्यांची मिळून एकच जोडणी. तिथून घेण्यासारखे पुष्कळ आहे, वीज वाटून घेण्याची रीत तर नक्कीच. पण त्या कालव्याची पातळी वर्षभर जवळपास एकसारखी ठेवलेली असते. आपल्या तलावात दिवाळीला १२ फूट पाणी असते आणि एप्रिलात ३ फूट, कित्येक बोड्यांत मे महिन्यात तडे गेलेली माती. इथला तराफा वर्षातले दोन-तीन महिने जमिनीवर बसतो, हे धरूनच त्याचा पाया आखावा लागतो.

तळ सपाट कधीच नसतो. एक कोपरा उंचवट्यावर, दुसरा खळग्यावर आला की साडेचौदाशे किलो तिरके बसतात आणि सांगाडा पिळतो. पूर्ण वेल्ड केलेला सांगाडा अशा वेळी कोपऱ्यातून तडकतो. हा तडा रंगाखाली दिसत नाही, पाऊस आल्यावर कळतो. म्हणून सांगाडा एकसंध करू नका. लांबीचे दोन भाग करा, एकात प्रत्येक ओळीचे तीन ड्रम, दुसऱ्यात दोन, आणि मधला सांधा १६ मिमीच्या बोल्टांनी. बोल्टाच्या भोकात एक-दोन मिमी सैलपणा आणि रबरी वायसर ठेवले तर सांगाडा तुटण्याऐवजी वाकून घेतो. दोन भागांचे ड्रम वेगळे ठेवावे लागतात, म्हणून लांबी १६ ऐवजी साडेसोळा धरा आणि मध्ये अर्ध्या फुटाची फट सोडा, तिच्यावर सैल फळी टाका.

उन्हाळ्यात तळ उघडा पडला की पहिले काम बेशरमची खुंटे काढण्याचे. कापलेले खुंट वाळले की भाल्यासारखे होते आणि वरून बसणारा ड्रम त्यावर फुटतो. मुळासकट खणून काढा. दगडगोटे वेचा. दुसरी अडचण चिकण मातीची: तराफा ओल्या गाळावर बसला की गाळ ड्रमाला धरतो, आणि जूनचे पाणी आल्यावर एक बाजू सुटते, दुसरी अडकून राहते. बसायच्या जागेवर आधीच तणसीचा (धानाच्या पेंढ्याचा) जाड थर आणि त्यावर आडवे टाकाऊ बांबू टाकले की ही पकड सुटते. धानपट्ट्यात तणसीला तोटा नाही.

याच कारणाने तराफा बांधायची उत्तम जागाही कोरडा तळच. मार्च-एप्रिलमध्ये काठाजवळच्या उघड्या तळावर ड्रमांच्या ओळी मांडा, वर सांगाडा ठेवा, पट्टे आवळा, प्लाय बसवा. तराफा पाण्यात ढकलायची गरजच राहत नाही. जून-जुलैचे पाणी त्याला आपोआप उचलते. तोवर गुरे त्याच्या सावलीला बसणार, तेव्हा चारी बाजूंनी काटेरी फांद्या लावा, नाहीतर शिंगांनी पट्टे सुटतात.

बांधून ठेवणे

मे-जूनचे वादळ हलके समजू नका. वाऱ्याचा वेग ताशी ८० किमी गेला की चौरस मीटरला सुमारे ३० किलोचा रेटा बसतो. १६ फूट लांब आणि ८ फूट उंच भिंतीवर तो साडेतीनशे किलो होतो. एवढ्याला सिमेंटचा ठोकळा पुरत नाही: १०० किलोचे काँक्रीट पाण्यात बुडाले की ५८ किलोच भरते, आणि गाळावरून ते त्याच्याही निम्म्या जोराने सरकते. सिमेंटच्या भिजून दगड झालेल्या गोण्या तर आणखी बेकार, दोर त्यांच्या पोटातून कापत बाहेर येतो.

इथे पुन्हा कोरडा तळ कामी येतो. चार कोपऱ्यांच्या दिशांना, तराफ्यापासून ३५-४० फुटांवर, चार फूट खोल खड्डे खणा. तळाशी तीन-चार फुटांचा जुना सिमेंटचा खांब किंवा सागाचा ओंडका आडवा टाका, त्याला साखळी गुंडाळून वर आणा आणि माती थराथराने पाणी मारून ठोका. आडवा पुरलेला ओंडका वर यायला डोक्यावरची सगळी माती उचलावी लागते. जमिनीलगत साखळी, पुढे १६ मिमीचा नायलॉन दोर. नायलॉन ताणला जातो आणि झटका पोटात घेतो. दोराची लांबी भरल्या पाण्याच्या खोलीच्या तिप्पट हवी. पाणी उतरते तसा दोर सैल पडतो, म्हणून दिवाळीपासून दर महिन्याला एकदा तो आवळणे हे वस्तीच्या कामांत लिहूनच ठेवावे. पावसाळ्यात उलटे. आवळलेला दोर वेळेवर सैल केला नाही तर चढत्या पाण्यात कोपरा खाली ओढला जातो.

पाळीत खुंटी ठोकू नका, खड्डा तर नकोच. पाळ मातीची आहे, एका भोकातून पाझर सुरू होतो. पाळीपासून निदान ५० फूट आणि पाटाच्या तोंडापासून व सांडव्यापासून त्याहून लांब राहा.

उंचीचा मोह आवरावा. लागोसच्या माकोको या पाण्यावरच्या वस्तीत कुन्ले अडेयेमी यांनी आखलेली तरंगती शाळा २०१३ मध्ये उभी राहिली, ती २५६ प्लास्टिक ड्रमांवर होती. तीन मजली, त्रिकोणी, जगभर गाजलेली. २०१६ च्या जूनमध्ये मुसळधार पावसानंतर ती कोसळली. सुदैवाने आत मुले नव्हती. आपल्या उघड्या तलावावर एकच मजला, आठ फुटांच्या आत, आणि वादळाच्या मोसमात वाऱ्याकडच्या तट्ट्या दोरी ओढली की वर गुंडाळता येतील अशा. भिंत वर गेली की वारा आरपार जातो.

वीज, पाणी, शौच

तीन दिवे, एक ३० वॅटचा बीएलडीसी पंखा रात्रभर, फोन: दिवसाला ५०० वॅट-तासांच्या आत बसते. ३३० वॅटची एक सौरपट्टी आणि १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी पुरते, ढगाळ दोन दिवस निघतात. ट्युब्युलर बॅटरी स्वस्त पडते, पण तिचे वजन ५० किलोच्या वर आणि आत आम्ल. हलत्या फलाटावर ती नकोच. पट्टी आणि बॅटरी यांच्या मधला कंट्रोलर एमपीपीटी जातीचा घ्या. या पट्टीचा दाब १२ व्होल्टच्या बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त असतो, स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर तो फरक वाया घालवतो आणि मग पट्टीलाच दोष दिला जातो.

विजांच्या बाबतीत तडजोड नको. उघड्या पाण्यावर खोपडी हीच सगळ्यात उंच वस्तू असते. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे, वीज पडण्याचा इशारा देणारे दामिनी ॲप वस्तीतल्या निदान दोन फोनांवर हवे, आणि गडगडाट ऐकू आला की सगळ्यांनी काठावरच्या पक्क्या घरात जायचे.

प्यायला तलावाचे पाणी नाही, गावच्या नळाचे किंवा हातपंपाचे. छपराचे पाणी भांडी-धुण्यासाठी साठवा. २० चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पावसाला २० लिटर मिळतात, २०० लिटरचा ड्रम एका सरीत भरतो. सिलिंडर खोलीबाहेर, उघड्या जाळीत. गळालेला गॅस हवेपेक्षा जड असतो, बंद खोलीत तो फळ्यांलगत साचून राहतो.

शौचाचा एक थेंबही तलावात जाता कामा नये. त्याच पाण्यात रोहू-कटला वाढतो, शिंगाडा लागतो, गुरे उतरतात. मूत्र वेगळे करणारे कोरडे शौचालय हाच पर्याय. मागे ५० लिटरची झाकणाची बादली, प्रत्येक वेळी दोन मुठी राख आणि धानाचा कोंडा. पाच माणसांत ती दोन आठवडे चालते. मूत्र २० लिटरच्या कॅनमध्ये, तीन दिवसांनी काठावर नेऊन दहापट पाण्यात मिसळून बांधावरच्या भाजीला. भरलेली बादली पुराच्या रेषेच्या वर, झाकलेल्या खड्ड्यात वर्षभर कुजवायची. बिघाड एकच होतो: बादलीत पाणी पडते आणि वास सुटतो. धुण्यासाठी वेगळे भांडे आणि वेगळी नळी ठेवली की तो थांबतो.

खोपड्या किती आणि कुठे

एकमेकींपासून निदान १५ फूट अंतर ठेवा, आग आणि दोर दोन्हींसाठी. मधल्या पायवाटा ठोकळ्यांच्या, सांधे सैल. काठाला जोडणारी शिडीवाट एका टोकाला बिजागरीवर आणि काठाच्या टोकाला चाकांवर हवी, म्हणजे पाणी ८ फूट उतरले तरी ती घसरत जुळवून घेते. ८ फूट उताराला २४ फूट लांबीसुद्धा म्हाताऱ्या माणसाला चढच वाटते, जमल्यास जास्त ठेवा. कठडा साडेतीन फूट, लहान मूल असेल तर खाली जाळी.

परवानगी बांधकामाआधी घ्यायची. तलाव जिल्हा परिषदेचा, पाटबंधारे विभागाचा की नगरपंचायतीचा हे सातबाऱ्यावरून आणि ग्रामपंचायतीतून कळते; मासेमारीचा ठेका कोणत्या ढीवर संस्थेकडे आहे ते विचारून त्यांच्या ठरावाशिवाय एकही ड्रम उतरवू नका. पाणी त्यांच्या पोटाचे आहे. नवेगावबांधसारखे जंगलाला लागून असलेले तलाव आणि गोंदिया-भंडाऱ्यातले सारसाच्या विणीचे पाणी यांना हात लावू नये.

देखभालीत ड्रमाला वर्षातून दोन वेळा वेळ द्या. तराफा जमिनीवर असताना प्रत्येक ड्रमाला काठीने ठोका: कोरडा ड्रम पोकळ वाजतो, आत पाणी असलेला खालच्या अंगाला बद्द वाजतो. तो खडूने खुणा करून काढा, पाणी ओता, वायसर बदला आणि बूच पुढच्या जानेवारीच्या पहाटे पुन्हा आवळा. दुसरी तपासणी ऑक्टोबरात, पाण्यावर: चारी कोपऱ्यांच्या पाइपावर पाण्यापासूनची उंची मोजून रंगाने लिहून ठेवा. एक कोपरा मागच्या वर्षीपेक्षा दोन बोटे खाली असेल तर त्या कोपऱ्यातले चार ड्रम आधी पाहा.